वीस आवर्तनांची रात्र : पियानोसाठी प्रिल्यूड लिहिताना

या सत्रात मी पियानोसाठी एक छोटी रचना लिहिली. पहिल्यांदा लिहून झाली तेव्हा ती छत्तीस आवर्तनांची होती आणि वाजवायला सुमारे अडीच मिनिटे लागत. आज ती वीस आवर्तनांची आहे आणि सव्वा मिनिटात संपते. मधली काटछाट पाच जणांनी दिलेल्या अभिप्रायांमुळे झाली. त्यांतले चौघे पियानो वाजवत नाहीत. रचना कशी केली, अभिप्राय कसे घेतले आणि त्यात माझ्या कोणत्या चुका झाल्या, हे या लेखात क्रमाने सांगतो. निबंध, भाषण, चित्र किंवा नाटुकले करणाऱ्या कॅडेट मित्रांनाही त्याचा उपयोग व्हावा.

प्रिल्यूड आणि नॉक्टर्न म्हणजे काय?

प्रिल्यूड म्हणजे मुख्य रचनेआधी वाजवायची छोटी रचना. योहान सेबास्टियन बाख याने 1722 मध्ये संग्रहित केलेल्या पुस्तकात प्रत्येक प्रिल्यूडनंतर एक फ्यूग येते, म्हणजे एकच सुरावट अनेक आवाजांत पाठोपाठ येणारी मोठी रचना. पुढे फ्रेडरिक शोपँ याने 1839 मध्ये आपली चोवीस प्रिल्यूड्स प्रसिद्ध केली. त्यांच्यानंतर काहीच येत नाही. प्रत्येक प्रिल्यूड एकटे उभे राहते आणि एकच भाव सांगून थांबते. त्यांतले ए मेजरमधले फक्त सोळा आवर्तनांचे आहे आणि सी मायनरमधले तेरा आवर्तनांचे.

नॉक्टर्न म्हणजे रात्रीची रचना. पियानोवर हा प्रकार रूढ करण्याचे श्रेय जॉन फील्ड याला देतात. तो 1782 मध्ये डब्लिनला जन्मला, आयुष्याचा मोठा भाग त्याने रशियात काढला आणि 1837 मध्ये मॉस्कोला वारला. त्याची कल्पना साधी होती : उजवा हात गाणाऱ्यासारखा एकच सुरावट गातो आणि डावा हात खालून सुटे स्वर पसरून त्याला साथ देतो. शोपँने पुढे एकवीस नॉक्टर्न्स लिहिली.

आपल्याकडे तर रात्रीच्या प्रत्येक प्रहराचे राग ठरलेले आहेत. रात्रीच्या दुसऱ्या प्रहरात बिहाग, तिसऱ्यात मालकंस. त्यामुळे रात्रीसाठी वेगळे संगीत असते हे मराठी घरातल्या मुलाला नव्याने शिकवावे लागत नाही.

पाश्चात्त्य लिपीत उभ्या रेषांनी पाडलेल्या तुकड्याला बार म्हणतात. आपल्या तालाच्या आवर्तनाशी तो जवळचा असल्याने मी इथे आवर्तन हाच शब्द वापरतो.

बिगुलाचे पाच स्वर

सुरावट मला शोधावी लागली नाही. ती आपण रोज ऐकतो. बिगुलाला ट्रम्पेटसारख्या कळा नसतात. नळीची लांबी बदलत नाही, वाजवणारा फक्त ओठांचा ताण बदलतो. म्हणून बिगुलातून मोजकेच स्वर निघतात आणि नेहमीचे कॉल त्यांतल्या पाच स्वरांत बसतात : खालचा सा, प, वरचा सा, वरचा ग आणि वरचा प. आपला बिगुल बी फ्लॅटचा आहे, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत काळी पाचचा. त्यात सा म्हणजे काळी पाच, ग म्हणजे पांढरी दोन आणि प म्हणजे पांढरी चार.

सा, ग, प हे तीन स्वर मी उजव्या हाताला दिले आणि डाव्या हाताने खाली काय धरले की काय होते ते पाहत बसलो. हा प्रयोग पेटीवर कोणालाही करता येईल.

खाली काळी पाच धरली की तीन स्वर परेड ग्राउंडवरच्यासारखे उजळ वाजतात. तेच स्वर वर ठेवून खाली पांढरी पाच धरा. आता सा बदलला. बिगुलाचा सा कोमल गंधार झाला, ग पंचम झाला आणि प कोमल निषाद झाला. वरचा एकही स्वर बदललेला नाही, तरी तीच हाक उदास वाटते. मग खाली काळी दोन धरा. आता बिगुलाचा सा पंचम होतो, ग शुद्ध निषाद होतो आणि प रिषभ होतो. हाक दूर कुठून तरी, भिंतीपलीकडून आल्यासारखी ऐकू येते.

तानपुरा दुसऱ्या सुरात लावला की गाण्याचा रंग बदलतो, तसेच हे आहे. शिक्षकांनी मूर्च्छनेबद्दल सांगितले होते, पण ते हाताला या दुपारी कळले. माझी रचना एवढ्यावरच उभी आहे : हाक तीच, खालची जमीन बदलत जाते.

पहिला मसुदा आणि पहिली चूक

पहिल्या मसुद्यात हाक होती, मग मधला एक जलद भाग, मग पुन्हा हाक आणि शेवटी दोन्ही हातांनी जोरात वाजवलेला बिगुल. रविवारी संगीताच्या खोलीत मी तो तीन मित्रांना ऐकवला आणि विचारले, "कसं वाटलं?" तिघेही म्हणाले, "मस्त." मला आनंद झाला, पण हातात काहीच आले नाही. काय मस्त, कुठे मस्त, हे त्यांनाही सांगता येईना. दोष त्यांचा नव्हता, माझा प्रश्नच असा होता की त्याला दुसरे उत्तर नाही.

त्या दिवशी चौथा श्रोता उशिरा आला. तो बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. त्याने ऐकले आणि सरळ म्हणाला, "तुझा डावा हात कदमताल करतोय." मला राग आला. मी म्हणालो, "हे नॉक्टर्न आहे. तुला ड्रमशिवाय काय कळतं?" तो गप्प बसला. बाकीचे तिघेही गप्प बसले आणि थोड्या वेळाने सगळे उठून गेले. पुढचे चार दिवस मी कोणालाही ऐकायला बोलावले, तर प्रत्येकाला काही ना काही काम निघत होते.

पाचव्या दिवशी मी मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण सरांकडून मागून घेतले आणि डोळे मिटून ऐकले. डावा हात खरेच कदमताल करत होता. चार मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर तीन स्वर एकदम, सारख्याच जोराने. वाजवताना माझे लक्ष उजव्या हाताच्या सुरावटीत होते, त्यामुळे ते मला कधी ऐकूच आले नव्हते. संध्याकाळच्या चहाच्या वेळी मी त्याच्याकडे गेलो आणि माफी मागितली. ती मेसमध्ये, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे. आता वाजव."

डाव्या हाताची दुरुस्ती

त्याने सुचवलेला उपाय होता, "हळू वाजव." मी हळू वाजवून पाहिले, तर कदमतालाचा स्लो मार्च झाला. यातून एक गोष्ट कळली. ऐकणारा जे दुखणे सांगतो ते बहुतेक वेळा खरे असते. औषध मात्र रचनाकाराला स्वतः शोधावे लागते.

औषध दोन भागांत सापडले. पहिले, तीन स्वर एकदम न वाजवता सुटे केले : आधी सर्वांत खालचा स्वर, मग त्याचा पंचम, मग वरच्या सप्तकातला गंधार. फील्ड आणि शोपँचा डावा हात असाच पसरतो. दुसरे, चार मात्रांऐवजी सहा मात्रा घेतल्या. पाश्चात्त्य लिपीत याला सिक्स-एट म्हणतात, पण मला तो आपला दादरा वाटला. पहिल्या मात्रेवर हात जरा टेकवायचा, चौथ्या मात्रेवर खालीसारखा हलका ठेवायचा आणि बाकीच्या मात्रा त्यांच्या सावलीत. ड्रमवाल्या मित्राने टेबलावर बोटांनी ठेका धरून हे माझ्याकडून दोन संध्याकाळ करून घेतले.

अभिप्राय घेण्याची पद्धत

यानंतर मी पद्धतच बदलली. पाच श्रोते ठरवले : ड्रमवाला मित्र, कर्नाटक संगीतात व्हायोलिन शिकणारा वर्गमित्र, क्रॉस कंट्रीत धावणारा आणि संगीताशी काही संबंध नसलेला एक मित्र, पियानोच्या परीक्षा दिलेले एक सीनियर आणि सहावीतला एक ज्युनियर. सहावा मित्र पेन्सिल घेऊन माझ्या शेजारी, कागदावर नजर ठेवून बसला.

नियम तीन होते.

एक : ऐकताना लक्ष उडाले की हात वर करायचा. सहाव्या मित्राने त्या आवर्तनावर खूण करायची. त्यामुळे ज्याला लिपी वाचता येत नाही त्यालाही नेमकी जागा दाखवता येते.

दोन : वाजवून झाल्यावर प्रत्येकाने तीनच प्रश्नांची उत्तरे द्यायची. लक्ष कुठे उडाले? काय नको वाटले? डोळ्यांसमोर काय आले?

तीन : उत्तरे चालू असताना मी बोलायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. हा नियम सर्वांत कठीण गेला.

आलेल्या उत्तरांचे काय करायचे हे मला फायरिंग रेंजवरून सुचले. रायफल झीरो करताना एका गोळीवरून साइट हलवत नाहीत. पाच गोळ्या झाडतात, त्यांचा ग्रुप पाहतात आणि मग दुरुस्ती करतात. एखादी गोळी बाजूला गेली तर कदाचित श्वास चुकला असेल. अभिप्रायांचाही ग्रुप पाहायचा असे मी ठरवले. तीन जणांनी एकाच जागी बोट ठेवले तर तिथे दुरुस्ती हवी, एकट्याचे मत वहीत लिहून ठेवायचे.

ग्रुप कुठे पडला

नवव्या ते विसाव्या आवर्तनात पाचपैकी चार हात वर गेले. हा माझा आवडता जलद भाग होता. सीनियर म्हणाले, "हे तू परीक्षेसाठी जे वाजवतोस, त्याच्यातलंच आहे ना?" मी त्या महिन्यात शोपँचे ई फ्लॅट मेजरमधले प्रसिद्ध नॉक्टर्न बसवत होतो. वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर डाव्या हाताची चाल जवळजवळ तीच आणि उजव्या हाताची वळणेही तिथलीच निघाली. मी जाणूनबुजून उचलले नव्हते, बोटांनी पाठ केलेले परत दिले होते. पण माझ्या नावाखाली ते ठेवणे बरोबर नव्हते. बाराच्या बारा आवर्तने कापली.

धावणारा मित्र म्हणाला, "मध्ये मध्ये मेसमध्ये सगळे एकदम बोलतात तसं होतं." संगीतातला एकही शब्द न वापरता त्याने पेडलची चूक सांगितली होती. पेटीवर बोट उचलले की स्वर थांबतो. पियानोत उजवे पेडल दाबले की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात, वाजलेले सगळे स्वर घुमत राहतात आणि एकमेकांत मिसळतात. मी खालचा स्वर बदलायचो, पण पेडल बदलत नव्हतो, त्यामुळे पांढरी पाच आणि काळी दोन यांची खिचडी होत होती. आता खालचा स्वर वाजल्याबरोबर पाय उचलून पुन्हा दाबतो. जिथे पाय उचलायचा तिथे कागदावर खूण आहे.

व्हायोलिनवाला मित्र म्हणाला, "सगळ्या उड्याच आहेत. आमच्याकडे पाळण्याला नीलांबरी राग वापरतात, त्यात स्वर एकमेकांचा हात धरून येतात. तुझ्या रात्रीत कोणी चालतच नाही." बिगुलाच्या स्वरांत उड्याच असणार, कारण त्याला सा आणि ग यांच्या मधला रे नाहीच. पण पियानोला आहे! मग मी नवव्या आवर्तनात, खाली काळी दोन असताना, ग वरून रे वर उतरलो. बिगुलाला न वाजवता येणारा हा स्वर तिथे प्रथमच येतो. ड्रमवाला आणि सीनियर या दोघांनाही ती जागा सर्वांत आवडली.

ग्रुपच्या बाहेर पडलेली गोळी

सहावीतला ज्युनियर कोल्हापूरकडचा आहे. सगळ्यांसमोर तो मला सर म्हणतो, कोणी नसले की दादा म्हणतो. घर सोडून राहण्याचे त्याचे हे पहिलेच सत्र. बाकीचे गेल्यावर त्याने विचारले, "दादा, शेवटी बिगुल परत का वाजतो? रात्री तर एकदाच वाजतो ना?"

शेवटचा जोरदार बिगुल बाकी चौघांना आवडला होता. त्यामुळे माझ्या नियमाप्रमाणे मी त्याचे म्हणणे वहीत लिहिले आणि सोडून दिले.

त्या रात्री लाइट्स आउटचा बिगुल वाजला आणि दिवे गेले. नेहमी मी लगेच झोपतो. त्या दिवशी जागा राहून ऐकत होतो. बिगुल थांबल्यावर आधी काहीच नसते. मग भिंतीपलीकडच्या रस्त्यावरच्या बसचा आवाज येतो. पंख्याची कुरकुर येते. कॉरिडॉरमधून ड्यूटीवरच्या सरांच्या बुटांचा आवाज दूर जातो. कोणीतरी कूस बदलतो. नव्या मुलांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढते आणि ते सर्दीमुळे नाही हे सगळ्यांना माहीत असते. सहावीत असताना मीही त्याच बाजूला होतो. तेव्हा बिगुलापर्यंत दिवस चालू असायचा. खरी रात्र तो थांबल्यावर सुरू व्हायची आणि ती फार लांब असायची.

माझ्या रचनेच्या दोन्ही टोकांना बिगुल होता. म्हणजे तिच्यात रात्र येतच नव्हती.

बाकी चौघांनी संगीत ऐकले होते आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. ज्युनियरने रात्र ऐकली, कारण त्याच्यासाठी ती अजून नवी आहे. म्हणून ग्रुपच्या नियमाला मी आता एक पोटनियम जोडला आहे : बाजूला गेलेली गोळी मोजण्याआधी ती कोणी झाडली ते पाहावे. रचना ज्याच्याबद्दल आहे तो माणूस श्रोत्यांत असेल, तर त्याचे एकट्याचे मतही पुरेसे असते.

आजची रचना

पहिली दोन आवर्तने फक्त उजवा हात, बिगुलाची हाक, साथीशिवाय. तिसऱ्या ते आठव्या आवर्तनात खाली पांढरी पाच येते आणि तीच हाक उदास होते. नवव्या ते चौदाव्यात खाली काळी दोन आणि वर रे. पंधराव्यापासून हाक नाही, फक्त डावा हात दादऱ्याच्या चालीत हळूहळू उतरतो. विसाव्या आवर्तनात रे एकदाच, अगदी हलका. तो सा वर येत नाही. पेडल दाबलेले ठेवायचे आणि आवाज आपोआप संपू द्यायचा. पेटीला भाता थांबवावा लागतो, पियानोची तार स्वतःच विझते.

ज्युनियरला ही नवी रचना ऐकवली. शेवटचा स्वर विझल्यावरही तो थोडा वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "संपलं का?" मी हो म्हणालो. ही तक्रार होती की पसंती, हे मी त्याला विचारले नाही.

ऐकणाऱ्याचे काम

आपल्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या म्हैसूरमधले एक उदाहरण सांगून थांबतो. महाराज जयचामराजेंद्र वडियार हे 1940 मध्ये गादीवर आले. तरुणपणी त्यांना पियानोवादक व्हायचे होते. पुढे त्यांनी कर्नाटक संगीतात अनेक कृती रचल्या. लंडनमध्ये राहणारे रशियन रचनाकार निकोलाय मेट्नर यांचे पियानोसंगीत त्यांना फार आवडे. मेट्नर तेव्हा वृद्ध आणि आजारी होते. महाराजांच्या मदतीने मेट्नर सोसायटी स्थापन झाली आणि 1951 मध्ये मृत्यू येण्यापूर्वी मेट्नर यांना आपले तिन्ही पियानो कॉन्चेर्टो आणि इतर अनेक रचना स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित करता आल्या. तिसरा कॉन्चेर्टो त्यांनी म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केला. म्हैसूरच्या एका श्रोत्याने मनापासून ऐकले, म्हणून मेट्नर यांचे स्वतःचे वादन आज आपल्याला ऐकता येते.

माझ्या रचनेच्या शेवटच्या पानावर मी पाच श्रोत्यांचे आभार लिहिले आहेत आणि प्रत्येकासमोर त्याच्यामुळे बदललेल्या आवर्तनांचे आकडे दिले आहेत. ड्रमवाल्या मित्रासमोर आकडा नाही. तिथे लिहिले आहे : "संपूर्ण डावा हात."